बुंदी सेवेत रुजू झाली

रविवारी सकाळी प्रभात रोडच्या कुठल्याही गल्लीत जा. एखाद्या कॅफेबाहेर, गुलमोहराखाली, एक नवरा कुत्र्याचा पट्टा धरून उभा दिसेल आणि काचेपलीकडे त्याची बायको ऑम्लेट खाताना दिसेल. वीस मिनिटांनी पाळी बदलते. बायको बाहेर, नवरा आत, ऑम्लेट गार. आम्ही दोघांनी हे दीड वर्ष केलं. एकटा गेलो तर मी बुंदीला फुटपाथवरच्या खांबाला बांधायचो. बाहेर दोन टेबलं मांडलेली असतात, नाही असं नाही, पण उन्हात आणि रिक्षांच्या धुरात बसायला आपण काय कुत्रे आहोत? मी आत एसीत बसायचो आणि माझ्या घासागणिक बुंदी बाहेरून एकदा भुंकायची. साखळी घासून घासून खांबाचा रंग उडाला, पण मला अक्कल आली नाही. तुम्हालाही अजून आलेली नसणार, म्हणून हा लेखनप्रपंच.

अक्कल शेवटी सॅन होजेहून आली. माझा भाचा दर डिसेंबरात येतो, येताना मामाला बदाम आणि एक सैल टी-शर्ट आणतो. यंदा मामाच्या टी-शर्टवर काट मारून त्याने बुंदीला जॅकेट आणलं. लालभडक, पोटाखाली बक्कल, पाठीवर धरायला मूठ, आणि दोन्ही अंगांना इंग्रजीत पांढरी अक्षरं: 'सर्व्हिस डॉग', म्हणजे दिव्यांगांच्या मदतीसाठी काम शिकवून तयार केलेला कुत्रा. त्याखाली बारीक, 'डू नॉट पेट'. आमच्या सोसायटीतल्या नानांनी चष्मा वर करून ते मोठ्यांदा वाचलं आणि विचारलं, "कशाला पेटेल ते बिचारं?"

बुंदी जातीने बीगल. म्हणजे चार पायांवर चालणारं पोट. जॅकेट घातल्यावर तिने पहिलं काम केलं ते बक्कल चावण्याचं. पण आरशापाशी उभी केली तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की कपड्याने माणूसच काय, बीगलसुद्धा बदलतो. लाल रंगात ती एकदम सरकारी दिसायला लागली.

"मामा, तिकडे कुणी काही विचारत नाही," भाचा म्हणाला. "विचारताच येत नाही." हे बरंचसं खरं आहे. अमेरिकेतल्या दिव्यांगांच्या कायद्यानुसार हॉटेलवाल्याला फक्त दोन प्रश्न विचारता येतात. हा कुत्रा तुमच्या अपंगत्वामुळे तुम्हाला लागतो का? आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे? बस. कागद मागायचा नाही, काम करून दाखव म्हणायचं नाही, आजार कोणता ते विचारायचं नाही. त्यामागचा विचार साधा आहे. ज्याला दिसत नाही किंवा ज्याला फिट येते, त्याने दर दुकानाच्या दारात आपल्या दुखण्याची फाइल का उघडून दाखवावी? कायदा करणाऱ्यांनी एकच गोष्ट गृहीत धरली, की माणसाला थोडी लाज असते. आपल्या दृष्टीने त्या कायद्यातली ही सर्वांत सोयीची तरतूद.

सेवेतला प्राणी म्हणजे कुत्राच, हेही तिथे ठरलेलं आहे. छोट्या जातीच्या घोड्याला वेगळी सवलत आहे, पण तो कोथरूडच्या लिफ्टमध्ये मावत नाही, तेव्हा तो विषय सोडून देऊ.

या कुत्र्यांची कुठलीही सरकारी नोंदवही तिकडे नाही. तरीही पैसे भरले की 'अधिकृत नोंदणी' करून देणाऱ्या साइट ढिगाने आहेत. फॉर्ममध्ये कुत्र्याचं नाव टाका, फोटो टाका, कार्ड हजर. बुंदीचंही काढलं. तिचा त्यावरचा फोटो माझ्या आधार कार्डावरच्या फोटोपेक्षा कितीतरी बरा आहे. शिवाय शिक्का! खऱ्या कार्यालयाचा शिक्का नेहमी अर्धा उमटतो, नाहीतर शाई वाळलेली असते. नसलेल्या कार्यालयाचा शिक्का कसा गोल, ठसठशीत आणि दोन रंगांत येतो.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं कार्ड पुण्यात कसं चालणार? अहो, पुण्यातच चालणार. खोटी नोट खपवायची तर खरी कुणी पाहिलेली नाही अशा गावात खपवावी. आपल्याकडे शिकवून तयार केलेले वाटाडे कुत्रे इतके कमी आहेत की कॅफेतल्या पोराने जन्मात एकही पाहिलेला नसतो. त्याच्या दृष्टीने बुंदी हाच नमुना आणि बुंदी हेच प्रमाण.

जॅकेट झालं, कार्ड झालं. आता आजार निवडायचा, आणि इथे नवखे लोक फार घाई करतात. आंधळेपण घेऊ नका. तुम्ही मेन्यूकार्डावरची कॉफीची किंमत वाचून भुवया उंचावणार आणि सगळं मुसळ केरात. बहिरेपण नको, कारण शेजारच्या टेबलावर कुणाच्या घटस्फोटाचा विषय निघाला की तुमची मान आपोआप वळणार. फिट्स आणि मधुमेहात कुत्र्याला खरोखर काहीतरी यावं लागतं. तेव्हा मनाचं काहीतरी घ्या. मन कुणाला दिसत नाही, आणि रोज हिंजवडीला जाऊन-येऊन करणाऱ्याकडे तर पुरावाही कुणी मागत नाही.

(ज्यांना हे दुखणं खरंच आहे, ज्यांना रात्रीच्या वाईट स्वप्नातून जागं करायला किंवा गर्दीत जीव घाबरला की अंगावर भार देऊन शांत करायला शिकवलेला कुत्रा लागतो, त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जावं. तुमच्या कुत्र्याला काम येतं. इथे बिनकामाच्यांची चर्चा चालली आहे.)

एक बारकावा पाठ करा, आणि पाठ करून कुणालाही सांगू नका. जो नुसता जवळ बसला की बरं वाटतं, तो आधाराचा प्राणी. ज्याला तुमच्या अपंगत्वासाठी ठरावीक काम शिकवलेलं आहे, तो सेवेतला. कायदा मानतो दुसऱ्याला. पहिल्या निकषावर पुण्यातला प्रत्येक कुत्रा पास होतो, आणि त्याच निकषावर लोण्याचा गोळा ठेवलेलं थालीपीठही सेवेत घ्यावं लागेल. अमेरिकेतल्या विमानांत बरीच वर्षं ही सरमिसळ सुखाने चालली होती. डॉक्टरची चिठ्ठी दाखवायची, आणि आधाराचा प्राणी फुकट शेजारी. मग जानेवारी २०१८ मध्ये नेवार्क विमानतळावर एक मोर आला. खराखुरा, पिसाऱ्यासकट, आधार द्यायला. विमान कंपनीने त्याला चढू दिलं नाही, जगभर फोटो गेले, आणि हसता हसता लोक नियम वाचायला लागले. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या वाहतूक खात्याने नवा नियम काढला की सेवेतला प्राणी म्हणजे काम शिकवलेला कुत्राच, बाकीच्या आधारांना पाळीव प्राणी म्हणून तिकीट लावायला कंपनी मोकळी. एका मोराने हजारो पॉमेरियनांच्या पोटावर पाय आणला. हाव असावी, पण तिचा पिसारा फुलवू नये.

खरा सर्व्हिस डॉग कसा असतो याची थोडी माहिती ठेवा, म्हणजे आपलं जनावर कुठे उघडं पडेल ते कळतं. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गला १९१६ साली अशा कुत्र्यांची पहिली शाळा निघाली. आता तर पिल्लू आधी वर्षभर एखाद्या घरात ठेवतात. तिथे ते बाजार, जिने, गर्दी, लिफ्ट सगळं बघून घेतं. मग शाळेत कित्येक महिने. इतकं करून पुष्कळ कुत्रे नापास होतात. कशात? खार दिसली आणि मान वळली. जमिनीवर सांडलेलं चाटलं. मोठा आवाज झाला आणि दचकला. एवढ्यात. बुंदीचा या तिन्ही विषयांत भोपळा आहे. खार दिसली तर ती मला सोबत घेऊन झाडावर चढायला बघते. जमिनीवर सांडलेलं तर सोडाच, सांडण्याची शक्यता असलेल्या माणसाच्या मागेही ती कर्वे पुतळ्यापर्यंत जाते. आणि गणपतीतल्या ढोलांपासून तुळशीच्या लग्नातल्या फटाक्यांपर्यंत तिचा मुक्काम आमच्या पलंगाखाली असतो.

सर्वांत वरचा धडा म्हणे न ऐकण्याचा असतो. मालक म्हणाला 'चल पुढे', आणि समोरून गाडी येत असली, तर कुत्र्याने हुकूम मोडायचा. पाय रोवून उभं राहायचं. इंग्रजीत त्याला 'इंटेलिजंट डिसओबीडियन्स' म्हणतात, आपण शहाणी अवज्ञा म्हणू. एरवी शंभर हुकूम मुकाट पाळणाऱ्या जनावराने एकशेएकावा धुडकावायचा, तोही मालकाच्या जिवासाठी, हे शिकवणाऱ्याला काय म्हणावं मला कळत नाही. बुंदीकडे अवज्ञा भरपूर आहे, शहाणपण तेवढं राहिलंय. म्हणजे निम्मा अभ्यासक्रम आमचा पूर्ण झाला. तसंही, असा शिकलेला कुत्रा आणून कर्वे रोडच्या कडेला उभा केला, तर फुटपाथवरून उलट येणाऱ्या स्कूटरी पाहून तो मालकाला एक पाऊल टाकू देणार नाही. दोघं तिथेच म्हातारे होतील.

तेव्हा शिकवण्याच्या फंदात पडू नका, शब्द शिका. ते स्वस्त पडतात. कुत्रा भुंकला की म्हणायचं, "ती मला अलर्ट देतेय." लहान मुलावर गुरगुरली, "ती ना, एनर्जी लगेच ओळखते." टेबलाच्या पायापाशी पाय वर झाला (बुंदी मादी आहे, तिला हा प्रकार बसून करावा लागतो, पण तुमचा नर असू शकतो), तर डोळे मिटून हळूच, "माझा सगळा ताण ती स्वतःवर घेते हो." समोरचा फडकं आणायला पळतो. पुढचा प्रश्न येत नाही.

मुख्य परीक्षा दाराशी. तिथे एक पोरगा उभा असतो, बहुतेक मराठवाड्यातला, कोंढव्यात नाहीतर धनकवडीत पाचजणांत एक खोली घेऊन राहणारा. तो नम्रपणे म्हणेल, "सर, डॉग अलाउड नाहीत."

"डॉग नाही. सर्व्हिस डॉग."

तो जॅकेटकडे बघेल. मग विचारेल, आणि हा प्रश्न अमेरिकेच्या कायद्यातला दुसरा प्रश्नच आहे हे त्या बिचाऱ्याला माहीतही नसेल: "म्हणजे काय काम करतो, सर?"

इथे उत्तर द्यायचं नाही. इथे आवाज चढवायचा. "दिव्यांगांना तुम्ही अशी वागणूक देता? तुमच्या मॅनेजरला बोलवा. नाव काय तुझं?" तुम्ही-पासून तू-पर्यंतचा हा उतार एका दमात उतरता आला पाहिजे, घरी सराव करा. पोरगा बाजूला होतो. बुंदीच्या महिन्याच्या खाण्याचा खर्च त्याच्या पगाराच्या आसपास जातो, त्यामुळे कायद्याची बाजू त्याला चटकन पटते.

काही ठिकाणं मात्र टाळा. पीएमपीचा कंडक्टर दुपारपर्यंत सुट्ट्या पैशांवरून तीसेक भांडणं करून बसलेला असतो, त्याच्यावर जॅकेटचा काही परिणाम होत नाही. रेल्वेही नको. तिथे कुत्रा न्यायचा तर फर्स्ट एसीची अख्खी केबिन किंवा कूपे घ्या, नाहीतर गार्डाच्या डब्यातली पेटी. डेक्कन क्वीनच्या खुर्चीवर बुंदीला बसवून 'ही सेवेत आहे' म्हणाल, तर टीसी म्हणेल, मीही आहे.

शास्त्राधार विचारतील, तोही तयार ठेवा. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात, ते चार वेद. त्यांना कुणी प्रवेश नाकारलाय? पण खरा आधार महाभारताचा. बायको आणि भाऊ वाटेत एकेक करून पडले, धर्मराज स्वर्गाच्या दाराशी पोचला, मागे एक कुत्रा. इंद्र म्हणाला, ये, पण कुत्र्याला आत घेता येणार नाही. हुबेहूब प्रभात रोड. धर्मराजाने काय केलं? हा माझा आजार सांभाळतो, असं म्हणाला नाही. कार्ड काढलं नाही. साधा कुत्रा आहे, माझ्यासोबत आलाय, त्याला सोडून मी येत नाही, तुमचा स्वर्ग तुम्हाला लखलाभ, एवढंच. आता याला काय म्हणायचं? माणूस हातचा स्वर्ग घालवून बसला असता. तो कुत्रा म्हणजे खुद्द यमधर्म निघाला म्हणून निभावलं. आपला कुत्रा यमधर्म निघण्याचा भरवसा नाही, त्यापेक्षा जॅकेट बरं. आणि दाराबाहेर कुत्र्याजवळ थांबणं हा पर्याय धर्मराजाला परवडला, त्याला रविवारचं टेबल बुक केलेलं नव्हतं.

मनाला टोचणी लागलीच तर आजूबाजूला बघा. गावाला एसटीने जाताय? राज्य सरकारने २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटी फुकट केली, आणि ज्यांचा साठीचा केक काल कापला असेही काहीजण तरातरा चढून खिडकी धरून आधार कार्ड पुढे करू लागले. जन्मवर्षाच्या जागी बोट ठेवून. 'प्रेस' लिहिलेल्या स्कूटरी पुण्यात इतक्या आहेत की तेवढी वर्तमानपत्रं निघत असती तर रद्दीवाले बंगल्यांत राहिले असते. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. पैशाचं सोंग आणावं लागू नये म्हणूनच बाकीची सोंगं आहेत. तुमच्या बीगलने फक्त परंपरा चालवली.

राहता राहिला कायदा. कॅलिफोर्नियात खोटा सर्व्हिस डॉग मिरवला तर हजार डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. भाच्याला हे विचारलं तर तो म्हणाला, "मामा, ते लोकांसाठी." आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात २१ प्रकारची अपंगत्वं दिली आहेत. त्याचं कलम ९१ सांगतं की दिव्यांगांसाठीचा लाभ लबाडीने लाटला किंवा लाटायचा प्रयत्न केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. घाबरू नका. कॅफेतली खिडकीजवळची खुर्ची हा 'लाभ' होतो का, यावर चांगला वकील दहा तारखा काढेल. वकिलाच्या फीमध्ये मात्र कुठल्याही जॅकेटला सवलत नाही.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर परवाचंच सांगतो. मी आणि बुंदी, खिडकीजवळचं टेबल. ती खाली, जॅकेटात, माझ्या बुटाची नाडी खात. दार उघडलं आणि एक गृहस्थ आत आले. पन्नाशीचे, इस्त्रीचा चौकड्यांचा शर्ट, खांद्याला शबनम, हातात पांढरी काठी. काठीचं टोक फरशीवरून डावीकडे-उजवीकडे सरकत येत होतं, टक, टक, आणि बुंदीच्या आयुष्यात इतकी मनोरंजक गोष्ट आधी कधी आली नव्हती. तिने झेप घेतली. काठीचं रबरी टोक तिच्या तोंडात, माझी कॉफी माझ्या मांडीवर, आणि सबंध कॅफेत तिचा तो बीगलांचा लांबलचक सूर.

गृहस्थ जागच्या जागी थिजले. काठी ओढली नाही, सोडलीही नाही. "कुत्रा आहे का इथे?"

"सर, सर्व्हिस डॉग आहे," पोरगा म्हणाला. मीच शिकवलं होतं त्याला.

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अरे वा! पुण्यात? मी नुसतं ऐकून होतो, कधी पाहिला नव्हता." मग आवाजाचा अंदाज घेत माझ्या थोडं उजवीकडे बघत त्यांनी विचारलं, "काय काम करतो हो?"

"अँक्झायटी," मी म्हणालो.

"अच्छा." थोडं थांबून, अगदी मनापासून, "कुणाची?"

मी शब्द जुळवत होतो तोवर बुंदीने रबर उपटून काढलं आणि गिळता येतं का ते बघू लागली. पोरग्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जॅकेटकडे, एकदा काठीकडे. मॅनेजर काउंटरवरून बघत होता. मग पोरगा त्यांच्या कोपराला धरून म्हणाला, "सर, तुम्ही जरा बाहेरच्या टेबलावर बसता का? आत डॉगला त्रास होतोय."

"हो हो, चालेल की," ते म्हणाले. "कामात असेल तो."

रबर गेलेली काठी फरशीवर वेगळीच वाजत होती. बाहेर ऊन होतं, एक रिक्षा नेमकी त्या टेबलापाशी चालू ठेवून उभी होती. त्यांनी हाताने चाचपून खांब शोधला आणि काठी त्याला टेकवून ठेवली, बरोबर रंग उडालेल्या जागी. थोड्या वेळाने पोरग्याने त्यांना पोहे नेऊन दिले. आतून काचेला नाक लावून बुंदी त्यांच्याकडे बघत बसली, आणि त्यांच्या प्रत्येक घासाला एकदा भुंकत राहिली.